तिरप्या पाकळ्यांचा साचा

३ जून, बुधवार

माझं आयुष्य बदललं ते आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. दुकानातला एसी बंद, मी शिडीवर, हातात कपकेकच्या कागदांचं खोकं, आणि खालून आवाज — 'गूगलहुप्फचा साचा आहे का?'

पडलो नाही, एवढंच.

संयुक्ता! दर आठवड्याला येते. इथेच नुंगंबाक्कमला मागच्या गल्लीत राहते, घरी केक करून विकते. आणि मी सात महिने नित्या अक्काच्या या बेकिंगच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर उभा. सात महिन्यांत तिला व्हॅनिला दिला, बटरपेपर दिला, यीस्ट दिलं. बोललो काय? 'पिशवी हवी का?' घरी आल्यावर मात्र फार सुंदर बोलतो. आरशाशी.

साचा कसा असतो ते तिनं फोनवर दाखवलं. खोल भांडं, मधे नळी, आणि बाजूनं तिरप्या पाकळ्या — कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसं पिळलेलं. केक झाला की उलटा करायचा. मुकुट तयार.

अक्का म्हणाली, 'सिलिकॉनचा देते.'

'रबरात रंग येत नाही अक्का. पत्र्याचाच पाहिजे. एकवीस तारखेच्या आत.'

'ऑनलाइन?'

'दीड महिना लागेल म्हणतात.'

'मग विसर कन्ना. चेन्नईत नाही मिळायचा.'

आणि मी, शिडीवरून, कुणीही विचारलेलं नसताना — 'मी आणून देतो!'

दोघी वर बघायला लागल्या. संयुक्ता चक्क मराठीत म्हणाली, 'कोठून आणशील?'

कोठून! तिचे लोक तंजावरचे. त्यांची मराठी तीनशे वर्षं डब्यात झाकण लावून ठेवल्यासारखी, वरून तमिळची फोडणी. मी म्हटलं, 'तुला कसं कळलं मी मराठी?'

'फोनवर आईशी भांडतोस ते रस्त्यापर्यंत ऐकू येतं.'

मेलो. पण आनंदानं मेलो.

४ जून

अक्का सकाळीच — 'डेय, कॉलेज अर्ध्यात सोडलंस. हे तरी पुरं करशील का?'

डोकं फिरलं. मी कॉलेज सोडलं नाही. एचओडी बाबांसमोर म्हणाला, 'तुमचा मुलगा वाया गेलेली केस आहे', म्हणून मी आयडी कार्ड त्याच्या टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो. श्रीपेरुंबुदूरच्या हायवेवर बस मिळेना, म्हणून कार कंपनीच्या शिफ्टच्या बसला हात केला आणि चाळीस झोपलेल्या कामगारांमधे उभा राहून घरी आलो. याला सोडणं म्हणत नाहीत. याला... काय म्हणतात ते नंतर ठरवीन.

साचा आणणार म्हणजे आणणार.

६ जून, शनिवार

पार्कटाउनच्या भांडीबाजारात सकाळी आठपासून. बारा दुकानं. तेरावं उघडलं नव्हतं, ते उघडेपर्यंत थांबलो — तेरा.

गूगलहुप्फ म्हटलं की लोक माझ्याकडे असं बघतात की मी शिवी दिली. म्हणून बिलामागे चित्र काढलं. पहिल्यानं इडलीपात्र दाखवलं. दुसऱ्यानं पुट्टू वाफवायचं नळकांडं. तिसरा म्हातारा चित्र बघून एकदम खूश झाला. 'आहे की तंबी! ये!' दोन गल्ल्या चालवत नेलं, जिना चढवला आणि विचारलं, 'स्वामींचं डोकं किती इंची?'

देवाचे मुकुट! पितळेचे, चांदीच्या पॉलिशचे, भिंतभर. खरं सांगू, एक अगदी तसाच होता. तिरप्या पाकळ्या वगैरे. पण वर मोर बसवलेला. मोरासकट केक कोण भाजणार?

म्हातारा मनाला लावून घेऊन म्हणाला, 'केक? यात? पाप लागेल.' मी उलट विचारलं, 'स्वामींना केक चालत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?' मग त्यानं मला जिना उतरवला. जरा जोरात.

७ जून

तिला मुकुटाचा फोटो पाठवला. लिहिलं, 'मोर काढून चालेल का?'

उत्तर — सात हसणारे चेहरे. सात! मोजले. परत मोजले.

९ जून, मंगळवार

ती दुकानात आली आणि काहीच घेतलं नाही. म्हणजे काय? काहीच न घेता कुणी या उन्हात का येईल? शेवटी जाताना दहा मेणबत्त्या घेतल्या. अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, 'अय्यो, यांच्याकडे वाढदिवस कुणाचा आहे?'

बोलणं झालं. आज मराठी आणि तमिळ दोन्ही. ती म्हणते माझी मराठी टीव्हीवरच्या बातम्यांसारखी आहे. मी म्हटलं, तुझी ताम्रपटासारखी. हसली. मग एकदम म्हणाली, 'नाही मिळाला तर सोड. खरंच सोड, संकेत. मज काही फार हौस नाही त्या केकची.'

म्हणजे मला त्रास नको म्हणून! केवढं मन!

आता तर आणणारच.

११ जून

उद्या दाढ दुखणार आहे. अक्काला आजच सांगून ठेवलं.

१२ जून, शुक्रवार

मिळाला मिळाला मिळाला!

पल्लावरमचा शुक्रवारचा बाजार. सुट्या टायरपासून मुक्या ग्रामोफोनपर्यंत काहीही रस्त्यावर मांडलेलं. साडेअकरापर्यंत फिरलो. डोक्यावर रुमाल, रुमालावर पाणी, पाण्याची वाफ. एका म्हाताऱ्याच्या पथारीवर जुने नळ होते. त्याच्याशेजारी एका भांड्यात वायसर, स्क्रू, खिळे. वायसरांच्या मधून नळी वर आलेली. मी खाली बसलो. बाजूनं बोट फिरवलं — पाकळ्या. तिरप्या!

'हे किती?'

'कुठला नळ?'

'नळ नाही. भांडं.'

'ते विकायचं नाही. त्यात माझे वायसर असतात.'

समजावलं. चिडलो. परत समजावलं. म्हातारा हलेना. पस्तीस वर्षं वायसर यातच, पेरंबूरच्या कुठल्याशा अँग्लो-इंडियन बाईनं घर सोडताना फुकट दिलं होतं, आता वायसर कुठे ठेवू? पैसे नकोत, वायसरांचं काय ते सांग!

तेव्हा मला माझं दप्तर आठवलं. दप्तरात जेवणाचा डबा. आईचा. लग्नातला, जाड स्टीलचा, घट्ट झाकणाचा. उभ्याउभ्या पोळीभाजी संपवली, डबा नळाच्या — विकाऊ नळाच्या नाही, खऱ्या — पाण्याखाली धुतला आणि पुढे केला. त्यानं वाजवून बघितला. तळाचं नाव बघितलं. 'हे कुणाचं नाव?'

'आईचं.'

'आईला सांगितलंस?'

'हो,' म्हटलं. देवाच्या मुकुटाच्या दुकानातलं पाप अजून ताजं होतं, त्यात आणखी एक.

१३ जून

साचा चिंच, लिंबू आणि राख लावून घासला. गंज गेला. पत्रा जुना, पातळ, पण कुठे भोक नाही. वरच्या काठाला दोन बोटं रुंद साधी पट्टी, बाकी सगळ्या पाकळ्या. गॅलरीत उन्हात ठेवून अर्धा तास नुसता बघत बसलो.

आई — 'डबा कुठाय?'

'दुकानात राहिला.'

'आणि हे काय आहे?'

'साचा.'

'कशाचा?'

'गूगलहुप्फचा.'

आईनं साचा उलटासुलटा करून बघितला. मग, 'कोण आहे ती?'

या बायकांना कसं कळतं!

१४ जून, रविवार

तिला फोन केला. आवाज शांत ठेवायचा ठरवलं होतं, 'मिळाला!' असा ओरडलो.

पलीकडून, 'मिळाला?' असं. कुणाची तरी गाडी चुकल्यावर विचारावं तसं.

म्हटलं, 'काय झालं? एकवीसला मोठी ऑर्डर आहे ना?'

'ऑर्डर नव्हे रे. पाहुणे येतात.'

'मग बरंच आहे की.'

'मज पाहायला येतात.'

विश्वेश. त्यांच्यातलाच, तंजावरकडचा. व्हिएन्नामधे नोकरी. त्याला तिथला हा केक फार आवडतो. हिच्या अप्पांनी — राणोजी राव, बँकेतून रिटायर — तिकडे फोनवर सांगून टाकलं, 'आमची मुलगी करती की!' आणि ही शब्दाला अडकली. साचा मिळाला नसता तर तेवढं तरी टळलं असतं.

म्हणून 'सोड' म्हणाली होती! आणि मी मूर्ख पल्लावरमला उन्हात, आईचा डबा देऊन, त्या माणसाच्या आवडीचा केक—

भिंतीवर बुक्की मारली. भिंतीला काही झालं नाही.

१५ जून

साचा देणार नाही. त्यात वायसर ठेवीन.

१६ जून, मंगळवार

द्यायचा. पण माझ्या पद्धतीनं!

दुपारी डोक्यात आलं. इथे कुणीही भांडं आहेर म्हणून द्यायला घेतलं की दुकानाच्या पायरीवरच त्यावर नाव घालून देतात. नाव नसलेलं भांडं म्हणजे आहेरच नाही. मग हाही आहेरच की! नाव पाहिजेच. विश्वेश व्हिएन्नाला नेऊ दे तिला. तिथे ती भांडी घासताना रोज माझं नाव घासेल. रोज! जन्मभर!

भांडीबाजारात गेलो. पायरीवर कृष्णस्वामी नावाचे आजोबा बसतात, गुडघ्यात भांडं, एका हातात खिळ्यासारखा पंच, दुसऱ्यात छोटी हातोडी. टिकटिकटिकटिक. ठिपक्याठिपक्यांनी नाव.

'काय घालायचं तंबी?'

'संकेत' म्हणणार होतो. तोंडातून आलं, 'संयुक्ता. संकेत.'

आजोबांनी चष्म्यावरून बघितलं. 'लग्नाचं का?'

'हो.'

आणखी एक पाप.

'इंग्रजी की तमिळ?'

'तमिळ.' म्हटलं विश्वेशलाही वाचता आलं पाहिजे.

साचा पालथा घालून त्यांनी साध्या पट्टीवर ठोकलं. दोन नावांच्या मधे, मी न सांगता, एक फूलही काढलं. 'नवराबायकोचं असलं की मी फूल काढतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.'

तिथेच रडायला आलं असतं. पण रागात होतो.

१७ जून

ती साचा न्यायला आली. मी पेपरात घट्ट बांधून ठेवला होता. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, छातीशी धरला आणि उभीच राहिली. अक्का एकदम आतल्या खोलीत गेली. जिला वर्षात कधी आत काम नसतं ती!

'संकेत, अजून काही सांगायचं आहे का?'

सात महिन्यांची तयारी. आरशातल्या माझ्याकडे या प्रश्नाची चार उत्तरं पाठ होती.

मी म्हणालो, 'पिशवी हवी का?'

ती गेली. अक्का बाहेर आली. कपाळावर हात मारून घेतला — स्वतःच्या नाही, माझ्या.

१९ जून, शुक्रवार

घाईत लिहितोय, अक्षर असंच येणार.

डब्याचं खरं आज आईला सांगितलं. ओरडली नाही. शिक्षा म्हणून रात्रीची भांडी मला. त्यात तिची ती पातळ जुनी ताटली होती. मागे नाव घातलेली. आतून घासताना बोटाला काहीतरी लागलं. ठिपके. आत उठलेले! बाहेरून ठोकलं की पत्रा आत फुगतो. मी साचा नीट बघितलाच नाही. रागात उचलला, पेपरात बांधला, दिला.

कणकेचा गोळा घेतला. ताटलीत दाबला. उचलला.

'विद्युलता'. आईचं नाव, सुलट! वाचायला आरसासुद्धा नको.

म्हणजे केकवर. रविवारी. पाहुण्यांसमोर. अप्पांसमोर. कडेनं गोल — संयुक्ता, फूल, संकेत.

मला वाटलं होतं, पुढे कधीतरी भांडी घासताना दिसेल. चार लोकांत तिची मान खाली घालायला नव्हतं केलं मी ते. देवाशप्पथ नव्हतं.

फोन केला. उचलला नाही. सहा वेळा केला.

२० जून, शनिवार

सकाळी थेट तिच्या घरी. बेल दाबली. दार राणोजी रावांनीच उघडलं. केवढा माणूस! मिशी एवढी की मागे बोलणारा दिसत नाही.

'कोण पाहिजे?'

'सर, मी दुकानातून. साचा परत न्यायला आलोय.'

'परत? कां?'

'कंपनीनं... परत मागवलेत सगळे. फॉल्टी पीस.'

पस्तीस वर्षं वायसर ठेवलेल्या साच्याची कंपनी! पण ते पटल्यासारखे दिसले. आत वळून हाक मारली, 'संयुक्ता! हिंगं ये. दुकानाचा मुलगा आलाय.'

ती आली. हाताला पीठ. मला बघून तिच्या तोंडावर काय होतं ते मला वाचता आलं नाही.

अप्पा म्हणाले, 'साचा फॉल्टी म्हणतो हा.'

'काही फॉल्टी नाही,' ती म्हणाली. 'मी नीट बघितला आहे. आतूनही, बाहेरूनही.'

बघितला आहे! जमीन दुभंगेना. नुंगंबाक्कमची जमीन, कुठे दुभंगते!

अप्पा फोन घ्यायला आत गेले, तेवढ्यात मी भराभर बोललो. 'चूक झाली. चिडलो होतो. मला नव्हतं माहीत ते केकवर उमटेल. ऐक, खालच्या कडेला क्रीमचा वळसा दे. जाड दे. काही दिसणार नाही. कुणाला कळणार नाही.'

'तू मज केक करायला शिकवतोस?'

'संयुक्ता, प्लीज. तुझ्या घरचे काय म्हणतील?'

'आज सुचलं होय?'

'हो.'

'बरं,' म्हणाली. 'क्रीम आहे घरात.' आणि दार लावलं.

म्हणजे झाकणार. बरंच झालं. मीच सांगितलं झाकायला. मग हे असं का होतंय?

२१ जून, रविवार. सकाळ

जेवलो नाही. चार वाजता पाहुणे येतात. मी त्या वेळी झोपलेला असेन, असं ठरवलंय.

२१ जून, पावणेपाच

झोप कसली.

फोन वाजला. ती. मागे माणसांचे आवाज. हळू बोलत होती, बहुतेक स्वयंपाकघरातून.

'केक चांगला फुगला.'

'बरं.'

'क्रीमची पिशवी भरून हातात घेतली होती.'

'मग?'

'मग काही नाही. परत फ्रिजात ठेवली.'

मी उभा राहिलो.

'विश्वेशनं वाचलं. मोठ्यानं, ताटली गोल फिरवून. मग म्हणाला, फूल छान आहे. भला माणूस आहे रे. पण अप्पा उठून उभे राहिलेत. विचारतात, हा संकेत कोण? मी म्हटलं, तोच येऊन सांगेल.' थोडा श्वास. 'तुज सांगता येईल ना? पिशवीचं नाही विचारायचं!'

'येतो,' म्हटलं. एवढंच.

इस्त्रीचा शर्ट एकच आहे, तो घातला. आई स्वयंपाकघरातून विचारतेय, 'कुठे निघालास?' खरं सांगितलं, 'मार खायला. नाहीतर केक.' तिनं मागून काय म्हटलं ते ऐकायला थांबत नाही. वही इथेच टाकतो. चप्पल घातली. निघालो, दार ओढून घेतो.